पोटातली दुसरी आग

नागपुरात सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यापाशी पाच मिनिटे उभे राहिले की आहारशास्त्रावरचा एक वाद हमखास कानावर पडतो. एकजण "तर्री जरा जास्त टाका" म्हणून सांगत असतो. त्याचा मित्र मात्र नुसताच सोबतीला आलेला असतो, कारण त्याने दिवसातून दोनदाच जेवायचे ठरवलेले असते. तिसरा म्हणतो, "छे, दर दोन तासांनी थोडेथोडे खायला हवे." मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबे उघडले, की हाच वाद नव्याने सुरू होतो. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, आणि पट्ट्याचे भोक तर बहुतेकांनी एकदोनदा पुढे सरकवलेले असते.

हा वाद नागपूरला नवा नाही. काटोल भागातून आमदार झालेले, असंख्य पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) आपल्या व्याख्यानात सांगत, की आपण जितक्या वेळा खातो तितक्या वेळा स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, दोनदाच जेवा. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हा विचार महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनच जेवणे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, हा नियम आज खेड्यापाड्यांतही माहीत आहे.

या वादात कुणाची बाजू खरी, हे आपण शेवटी पाहू. त्याआधी एक अधिक मूलभूत प्रश्न विचारू या. माणूस कमी खातो तेव्हा त्याच्या शरीराच्या आत नेमके काय बदलते? वजनकाट्यावरचा आकडा उतरतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण गेल्या तीस वर्षांत शास्त्रज्ञांना असे दिसून आले, की काट्यावर न दिसणारी आणखी एक गोष्ट तेव्हा उतरत असते. ती म्हणजे शरीरात संथपणे धुमसणारा दाह.

दाह: मित्र की शत्रू?

पायात काटा रुतला, की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. दाहाची ही चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून येतात. त्या रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आणखी पेशी मदतीला येतात. काम संपले की संदेश थांबतात आणि सूज उतरते. हा दाह आपला रक्षक आहे. तो नसता तर साध्या खरचटण्यानेही जीव गेला असता.

अशा वेळी यकृतही एक प्रथिन मोठ्या प्रमाणात रक्तात सोडते. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना प्रथम आढळले. त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी. मोठा जंतुसंसर्ग झाला की ते शेकडो पटींनी वाढते आणि बरे वाटू लागले की झपाट्याने उतरते. एखाद्या घरात आग लागली आहे का, हे बाहेरून धुरावरून कळावे, तसेच हे.

पुढे अत्यंत सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या चाचण्या निघाल्या, तेव्हा एक कोडे समोर आले. काही माणसांना ना ताप, ना जखम, ना खोकला. तरीही त्यांच्या रक्तात सीआरपी थोडेसे, पण सतत वाढलेले. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ वर्गवारी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००३ साली केली. धूर तर दिसत होता. मग आग कुठे होती?

कोठार की कारखाना?

आग पोटात होती. मात्र 'पोटातली आग' म्हटले की आपल्याला भूक आठवते. ही आग नेमकी उलटी, गरजेपेक्षा जास्त खाल्ल्याने लागणारी.

चरबी म्हणजे उरलेल्या अन्नाचे निर्जीव कोठार, असेच आपण शाळेत शिकलो आणि शिकवतही आलो. हा समज १९९३ साली हलला. हॉटमिस्लिगिल, शार्गिल आणि स्पीगलमन या संशोधकांना दिसले, की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचे दाहाचे रसायन बाहेर पडते आणि ते रसायन निष्प्रभ केले की इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. म्हणजे चरबी हे नुसते कोठार नव्हते. तो संदेश पाठवणारा कारखाना होता.

२००३ साली आणखी एक दुवा मिळाला. भक्षक पेशी म्हणजे जंतूंना गिळणारे आपले शिपाई. कृश उंदरांच्या मेदऊतीत त्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते. अतिलठ्ठ उंदरांत ते निम्म्याच्याही वर गेलेले आढळले. माणसांतही लठ्ठपणाबरोबर हे प्रमाण वाढते.

हे का होते? मेदपेशी म्हणजे तेलाची एक पिशवी समजा. आपण खर्चापेक्षा जास्त ऊर्जा घेत राहिलो, की ती फुगत जाते. एका मर्यादेपलीकडे तिला रक्तपुरवठा आणि प्राणवायू कमी पडू लागतो. काही पेशी मरतात, तेल बाहेर सांडते. हा कचरा साफ करायला भक्षक पेशी येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखे दिसते. पायातला काटा निघतो, पण इथला कचरा रोज नव्याने तयार होत असतो. म्हणून शिपायांचे काम संपत नाही आणि त्यांचे संदेशही थांबत नाहीत.

त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ हा संदेश यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी सोडू लागते. टीएनएफ-अल्फा हा संदेश इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. इन्सुलिन म्हणजे पेशीचे दार साखरेसाठी उघडणारी किल्ली मानली, तर कुलूप गंजल्यासारखे होते. किल्ली फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणजे जास्त इन्सुलिन लागते. त्यातच कोठारात न मावलेली चरबी यकृतात आणि स्नायूंत साठू लागते, आणि कुलूप आणखी घट्ट बसते.

पाच खुणा

या बिघाडाच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा एकमेकींचा हात धरून येतात, हे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली आपल्या व्याख्यानात मांडले. आज या समूहाला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाचा लक्षणसमूह, असे म्हणतात. पुढील पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी असल्या की तो आहे असे समजतात:

कमरेचा घेर भारतीय पुरुषात ९० सेंमी आणि स्त्रीत ८० सेंमी किंवा त्याहून जास्त. रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम किंवा जास्त. 'चांगले' कोलेस्टेरॉल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिलिग्रॅम किंवा जास्त.

रक्तातील घटकांचे हे आकडे दर १०० मिलिलिटरमागचे आहेत. यांतली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. "साखर जराशीच वाढली आहे" म्हणून आपण रिपोर्ट कपाटात ठेवून देतो. तिन्ही-चारी एकत्र आल्या की मात्र मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट मोकळी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे पहिले निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार महाराष्ट्रात वीस वर्षांवरील लोकांपैकी ८.४ टक्के मधुमेही होते आणि आणखी १२.८ टक्के त्या उंबरठ्यावर. उंबरठ्यावरचे जास्त, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तिथून मागे फिरता येते.

"पण मी तर बारीकच आहे!"

असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही सारखाच होता, २२.३. काट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण क्ष-किरणांनी मोजले, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! विशेष म्हणजे, मेदऊतीतून निघणारे संदेश आणि सीआरपी यांचा संबंध १९९९ साली दाखवून देणाऱ्या गटात हेच युडकिन होते.

हा फरक जन्मापासूनचा आहे. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. याज्ञिकांच्या गटाने पुढे खेड्यातील, झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ पुरुषांची तपासणी केली. शहरात राहणाऱ्यांत गावकऱ्यांपेक्षा चरबी जास्त, आणि दाहाच्या खुणाही जास्त आढळल्या.

म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, अशा माणसाने स्वतःला बारीक म्हणवून घेऊ नये.

कमी खाल्ले की काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आहारातील ऊर्जा खर्चापेक्षा कमी केली, की शरीर कोठार उघडते. सर्वांत आधी यकृतातील चरबी उतरते, आणि तीही आश्चर्यकारक वेगाने. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे रॉय टेलर यांच्या गटाने ११ मधुमेही रुग्णांना दिवसाला सुमारे ६०० उष्मांकांचा आहार दिला. एका आठवड्यात यकृतातील चरबी ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर सर्वसाधारण पातळीवर आली. हे काम २०११ साली प्रसिद्ध झाले.

दाह मात्र एवढा घाईने विझत नाही. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की उपासमारीच्या सुरुवातीला मेदऊतीतील भक्षक पेशी उलट वाढतात, कारण पेशींतून सुटणारी चरबी उचलायची असते. वजन उतरत राहिले की मग त्यांची संख्या घटते. घर झाडायला घेतल्यावर आधी धूळ उडावी, तसा हा प्रकार. म्हणून आठ दिवस पथ्य पाळून रक्त तपासणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे.

वजन आणि सीआरपी यांचा हिशेब २००७ साली ३३ चाचण्या एकत्र करून मांडला गेला. आहार, व्यायाम, शस्त्रक्रिया अशा निरनिराळ्या मार्गांनी वजन उतरले होते. सरासरीने एक किलो वजनामागे सीआरपी लिटरला ०.१३ मिलिग्रॅमने कमी झाले. म्हणजे सहा किलो उतरले तर सुमारे ०.८. ज्याचे सीआरपी ३ आहे, तो २.२ वर येईल. ही जादू नव्हे, पण दिशा पक्की आहे.

लठ्ठ नसलेल्यांचे काय? अमेरिकेतील 'कॅलरी' नावाच्या चाचणीत २१८ निरोगी माणसे होती. त्यांतील १४३ जणांना दोन वर्षे आहार २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितले. प्रत्यक्षात त्यांना जमले सुमारे १२ टक्केच. पण तेवढ्यानेही त्यांचे रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनचे काम आणि सीआरपी, सगळेच सुधारले. आठ घासांतला एक घास कमी, एवढाच हा फरक.

मग चरबी शस्त्रक्रियेने ओढून काढली तर? हा प्रयोगही २००४ साली झाला. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालील चरबी नळीने शोषून काढली. सरासरीने नऊ-दहा किलो. दोन-तीन महिन्यांनी पाहिले, तर इन्सुलिनचे काम, रक्तदाब, सीआरपी, कशातही फरक नव्हता! कारण उघड आहे. पिशव्या काढल्या, पण उरलेल्या पिशव्या होत्या तशाच ठासून भरलेल्या राहिल्या, आणि यकृतातील व आतड्यांभोवतीची चरबीही जागच्या जागी राहिली. कमी खाल्ल्याने मात्र प्रत्येक पिशवी थोडीथोडी रिकामी होते. आमच्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे.

पुन्हा ठेल्यापाशी

आता तो वाद. इन्सुलिन चढलेले असताना मेदपेशीतून चरबी बाहेर पडत नाही, हे खरे आहे. पण इन्सुलिन ठरावीक मापाने स्रवत नाही. काय आणि किती खाल्ले त्यानुसार कमीजास्त स्रवते, आणि उपाशीपोटीही थोडे स्रवतच असते. म्हणजे नुसत्या वेळा मोजून हिशेब पुरा होत नाही. चीनमधील ग्वांगझाउ येथे १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर चाचणी झाली. सगळ्यांनाच कमी उष्मांकांचा आहार दिला; निम्म्यांना तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायला सांगितले. २०२२ साली निष्कर्ष आला: दोन्ही गटांचे वजन उतरले आणि दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. घड्याळाने वेगळे काही साधले नाही. उष्मांक कमी झाल्याने साधले.

मग दोनदा जेवणाऱ्या अनेकांचे वजन उतरते ते कसे? साधा हिशेब करू. साखरेचा तीन कप चहा, प्रत्येकी ७५ प्रमाणे २२५ उष्मांक. चार बिस्किटे, १००. मूठभर फरसाण, सुमारे २५०. झाले ५७५! दोन जेवणांमधले चरणे बंद झाले, की न मोजता एवढे उष्मांक सुटतात. घड्याळ हे इथे कुंपणाचे काम करते. ज्याला कुंपण मानवते त्याने ते जरूर घालावे. मात्र दोन जेवणांत सगळी कसर भरून काढली, तर ते व्यर्थ. हेच दर दोन तासांनी खाणाऱ्यालाही लागू. आपले उपवासही याच कसोटीवर पाहा. साबुदाणा, दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा मिळून खिचडीची एक भरली बशी सहज ५०० उष्मांकांची होते. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना उष्मांक ठाऊक नव्हते, पण हिशेब ठाऊक होता.

काही इशारे

ज्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार एकदम कमी करू नये. औषध तेवढेच आणि अन्न निम्मे झाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. ६०० ते ८५० उष्मांकांचे कडक आहार फक्त वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायचे असतात. वाढीच्या वयातील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनी या वाटेला जाऊच नये. इतरांनी रोजच्या गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेणे पुष्कळ झाले. कमी करताना डाळी, उसळी, दही, अंडी कमी न करता साखर, तेल, मैदा आणि भाताचा दुसरा वाढा कमी करावा; नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

सीआरपी तपासायचेच असेल तर सर्दी-ताप असताना तपासू नये. आणि ते धूर आहे, आग नव्हे, याचाही विसर पडू नये.

शेवटची अडचण सर्वांत मोठी आहे. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत ८५० च्या आतबाहेर उष्मांकांच्या आहाराने वर्षाअखेर ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहमुक्त झाले. दुसऱ्या वर्षाअखेर ते ३६ टक्के राहिले. वजन परतले की साखरही परतते. म्हणून चार महिन्यांच्या पराक्रमापेक्षा चार वर्षे टिकेल अशी थोडी कपात बरी.

करून पाहा

एक सुतळी घ्या. ती डोक्यापासून टाचेपर्यंत धरून आपल्या उंचीइतकी कापा. आता तिची बरोबर अर्धी घडी घाला आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. टोके एकमेकांना भेटली तर ठीक. भेटली नाहीत, तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. डॉक्टरांकडे जाऊन उरलेल्या चार खुणा तपासून घ्या.

हा प्रयोग वर्गात सर्वांदेखत मुलांवर करू नये. जाड मुलाची चेष्टा व्हायला तेवढे निमित्त पुरते. मुलांना तो घरी आईबाबांवर, आजीआजोबांवर करायला सांगावा आणि आकडे वहीत न लिहिता फक्त 'भेटली' की 'नाही भेटली' हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि हो, आधी शिक्षकखोलीत आपण सर्वांनी एकमेकांची सुतळी धरावी. आम्ही धरून पाहिली. ती भेटली नाही, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.